स्वच्छ प्रत

सोमवार, ५ जानेवारी १९९८

सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. खोलीच्या उंबऱ्यावर बसून दोन पेन्सिलींना टोके काढली आणि या वहीला लाल शाईने समास आखला. आजपासून नवे काम. कापडाच्या ताक्यांच्या गोदामातले लिहिण्याचे काम गेल्या महिन्यात सुटले. शेठने दोन मेहत्यांच्या, म्हणजे कारकुनांच्या, जागी एकच ठेवला, मी धाकटा म्हणून मी गेलो.

कामाचे स्वरूप लिहून ठेवतो. मंदाताई नागपूरकडच्या. इथल्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवतात आणि पीएच.डी. करतात. सुरतेत कामाला आलेल्या मराठी कुटुंबांतली तेरा ते एकोणीस वर्षांची मुले-मुली आणि त्यांच्या मनाची अवस्था, असा विषय आहे. तीनशे फॉर्म भरायचे. अठ्ठावीस प्रश्न. पुऱ्या फॉर्मला सात रुपये. कोसाडला दुसरा माणूस आहे, माझ्याकडे लिंबायतची वस्ती. अक्षर चांगले आणि घरची बोली अहिराणी म्हणून मला घेतले. दहावीला दोनदा नापास झालो हे मी आधीच सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "फॉर्म भरायला मार्कशीट लागत नाही, हेमराज."

नियम तीन आहेत. मुलाला किंवा मुलीला एकटे बसवून विचारायचे. खाडाखोड झालेला फॉर्म बाद, त्याचे पैसे नाहीत. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. एकोणिसावा प्रश्न असा आहे: गेल्या महिन्याभरात जगू नये असे वाटले का? याला 'होय' किंवा 'कधीकधी' आले, तर त्याच दिवशी पीसीओवरून ताईंना फोन करायचा. त्या स्वतः त्या घरी येतील.

सरावासाठी त्यांनी मला माझाच फॉर्म भरायला लावला. मी खरे तेच लिहिले. तो कागद पाहून त्या म्हणाल्या, "रात्री झोप किती लागते?" मी म्हणालो, दोन-तीन तास. कुलूप नीट लागले का ते पाहायला उठावे लागते. त्यांनी काही लिहून घेतले. बहुधा माझे अक्षर थोडे हलले होते म्हणून.

शुक्रवार, ९ जानेवारी

चार दिवसांत नऊ फॉर्म. पहिला नियम पाळता येत नाही. एका खोलीत सहा माणसे. मुलीला एकटीला विचारायचे तर दार लावावे लागेल. दार लावले तर गल्ली माझे पाय मोडेल, आणि उघडे ठेवले तर गल्लीच फॉर्म भरते. आजी सांगते, मावशी सांगते, आणि मुलगी खाली पाहते.

बायकांना वाटते हा समाजाचा कागद आहे. गणपतमामा सोयरिकी जमवतात, त्यांच्याकडे मुलींची माहिती अशीच लिहिलेली असते. त्यामुळे विचारले, "झोप लागते का?" की आई म्हणते, "लागस ना! पाच वाजाले उठीसन पानी भरस मनी पोर." मी ऐकून लिहितो.

भगवान, माझा खोलीतला जोडीदार, लूमवरून आला की विचारतो, "काय वेड्यांचे डॉक्टर, आज किती गिऱ्हाईक?" मी म्हणतो, हे वेड्यांचे नाही. तो म्हणतो, "मग शहाण्यांना कोणी सात रुपये देतं का?"

सोमवार, १९ जानेवारी

आज उषाबाईंकडे. त्यांचे यजमान चिंधाभाऊ आमच्याच गावचे, लूमवर बारा तासांची पाळी करतात. मुलगी धनश्री, वय सोळा, आठवीनंतर शाळा बंद. घरी साड्यांना लेस लावते आणि टिकल्या चिकटवते. एका साडीला तीन रुपये. छगनभाई नावाचा दलाल साड्यांचा गठ्ठा टाकून जातो आणि तयार माल घेऊन जातो. मी गेलो तेव्हा तो निघत होता. स्वच्छ माणूस, पांढरे बूट. माल मोजायला स्वतः आत बसतो.

धनश्री पहिल्यांदा अशी मुलगी भेटली जी प्रश्न पुरा ऐकून घेते. अकरावा प्रश्न: कोणाची भीती वाटते का? ती साड्यांच्या गठ्ठ्याकडे पाहत म्हणाली, "पुढचा विचारा." ती जागा रिकामी ठेवली. एकोणिसावा वाचला. तिने विचारले, "हे कोण वाचतं?"

मी म्हणालो, मंदाताई. ज्यांना काही त्रास असेल त्यांच्याकडे त्या स्वतः येतात, एकटीशी बोलतात.

"नक्की?"

"नियमच आहे."

"मग होय लिहा."

मी 'होय' लिहिले. उषाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या तशाच पिठाच्या हाताने आल्या. "काय लिखं रे भाऊ?" मी वाचून दाखवले. त्या हसायला लागल्या. "ही येडी. काल टीव्ही पाहू दिधा नही म्हनीसन रुसेल शे." मग हसणे थांबवून हळू बोलल्या, "हेमराज, तू आपला मानूस. तिनं लगीन जमी ऱ्हायनं. आखाजीना आगोदर सुपारी फुटी. हाई कागद फिरना ते पोरले कोन करी? लिखी टाक, 'नही'." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

मी धनश्रीकडे पाहिले. ती टिकली चिकटवायला लागली होती. मी 'होय' खोडले आणि 'नाही' लिहिले. उषाबाईंनी अकराव्यालाही 'नाही' सांगितले, ते लिहिले. चहा घेतला.

मंगळवार, २० जानेवारी

फॉर्म क्रमांक ४७ मध्ये खाडाखोड आहे, म्हणून नव्या कागदावर स्वच्छ प्रत केली. याआधीही दहा फॉर्म असेच उतरवले, म्हणजे एकूण अकरा. त्यांपैकी चार फॉर्ममध्ये एकोणिसाव्या प्रश्नाचे उत्तर आधी 'होय' किंवा 'कधीकधी' होते, मग घरच्यांनी बदलले. बदललेले उत्तर म्हणजेच शेवटचे उत्तर, असे मी धरतो. गोदामातही मोजणी दोनदा झाली तर दुसरी मोजणी खरी धरत.

फोन करायचा की नाही यावर सकाळी एक तास विचार केला. स्वच्छ प्रतीत 'नाही' आहे. 'नाही' असताना फोन करण्याचा नियम नाही. जुने कागद फाडले नाहीत, ट्रंकेत वर्तमानपत्राखाली ठेवले. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.

सोमवार, २ फेब्रुवारी

नळावर धनश्री भेटली. दोन हंडे भरलेले, तरी उभी होती.

"हेमराजभाऊ, त्या ताई कधी येणार?"

मी म्हणालो, फॉर्म बरेच आहेत, वेळ लागतो.

"दुपारी आल्या तर बरं. छगनभाई आला की आई पाण्याला जाते, तेव्हा मी एकटी असते."

मी म्हणालो, बाहेरचा माणूस असताना ताई कशा बोलतील? तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. मग हंडे उचलून गेली. मुली स्पष्ट बोलत नाहीत हा या कामातला मोठा अडथळा आहे. ताईंना सांगितले पाहिजे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

शंभरावा फॉर्म दिला. ताईंनी माझे फॉर्म दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवले. "एकही रेघ वाकडी नाही." कोसाडच्या माणसाचे बावीस फॉर्म बाद झाले. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

ताई वडोद्याहून परत आल्या. तिथल्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला. लिंबायतचा आकडा सगळ्यांना नवलाचा वाटला: शंभर मुलांत एकोणिसाव्या प्रश्नाला एकही 'होय' नाही. कोसाडला मात्र नऊ. एका मोठ्या प्राध्यापकांनी विचारले, असे का? ताईंनी उत्तर दिले की लिंबायतमध्ये नातलग एकाच गल्लीत राहतात, त्याचा आधार असावा. कॉलेजातली त्यांची नोकरी या वर्षी कायम व्हायची आहे, त्याला याचा उपयोग होईल. त्यांनी पेढा दिला. मी खाल्ला. 

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज धनश्री स्वतः माझ्या खोलीच्या दारापाशी आली. दुपारची वेळ, भगवान कामावर. मी तिला आत ये म्हणालो नाही. बरे दिसले नसते.

"ताई सगळ्यांकडे येत नाहीत का?"

"ज्यांच्या फॉर्ममध्ये काही निघतं त्यांच्याकडेच येतात."

"माझ्या फॉर्ममध्ये काही निघालं नाही?"

मी तिला धीर यावा म्हणून सांगितले, "तुझा फॉर्म तर सगळ्यांत स्वच्छ आहे. ताईंनी दुसऱ्यांना दाखवला."

ती "बरं" म्हणाली. मग विचारले, दहावीची जुनी पुस्तके अजून आहेत का. मी म्हणालो, आहेत, पाहिजेत का? ती म्हणाली, "नको, असंच विचारलं." चेहरा शांत होता. लग्न ठरल्यामुळे मन थाऱ्यावर आले असावे.

मंगळवार, ३ मार्च

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी गल्लीत आरडाओरडा. धनश्री घरात होते ते काहीतरी प्यायली. चिंधाभाऊ पाळीवर. रिक्षात उषाबाई आणि मी. उषाबाई तिला मांडीवर घेऊन सारख्या म्हणत होत्या, "खोकलानं औशिद समजीसन पिन्ही, खोकलानं औशिद." मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे ते वाक्य पाठ झाले. डॉक्टरने विचारले तेव्हा एक अक्षरही चुकले नाही.

मी बाहेर येऊन रिक्षावाल्याचे वीस रुपये दिले.

बुधवार, ४ मार्च

ती जगेल म्हणतात. नळ्या लावल्या आहेत. डोळे उघडते.

संध्याकाळी चिंधाभाऊ खोलीवर आले. बूट न काढता उभे राहिले. "पोलीस विचारायला येऊन गेला. सोयऱ्यांनापण कळलंय. तुझा तो कागद दे."

"कोणता?"

"त्याच्यात लिहिलेलं आहे ना, पोरगी खुश आहे, जिवाचं काही करायचा विचार नाही. शिकलेल्या बाईचा शिक्का मारून आण. पोलिसालाही दाखवू, सोयऱ्यालाही दाखवू. चुकून प्यायली, बस."

मी म्हणालो, फॉर्म गुप्त असतात. ते म्हणाले, "तुझी आई गावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहते, हेमराज. गुप्त काय असतं?"

भगवान शेवया खात होता. ते गेल्यावर म्हणाला, "देऊन टाक कागद. पोरगी वाचली, लग्न वाचू दे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कुलूप किती वेळा पाहशील? तू काय पाजलं तिला?"

गुरुवार, ५ मार्च

ट्रंक उघडली. कागद तिथेच आहे. 'होय' वर एकच रेघ आहे, खालचे स्पष्ट वाचता येते. ट्रंक बंद केली. दिवसात असे चौदा वेळा.

शुक्रवार, ६ मार्च

डॉक्टर 'अपघात' लिहून तिला उद्या सोडणार, असे कळले. अपघात लिहिले की मनाच्या डॉक्टरकडे पाठवत नाहीत. घरी सोडतात. हे वॉर्डातल्या आयाने सांगितले.

अकरा वाजता कॉलेजात गेलो आणि अकरा जुने कागद ताईंच्या टेबलावर ठेवले. क्रमांक ४७ वर ठेवला. सगळे क्रमाने सांगितले. त्या कागद उलटत होत्या. मी बोलताना छगनभाईचे सांगितले, नळावरचे, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"परत सांगा. ती काय म्हणाली?"

"छगनभाई आला की आई पाण्याला जाते, तेव्हा मी एकटी असते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी सांगितले. त्यांनी चष्मा काढला. मला वाटले आता ओरडतील. मी म्हणालो, चूक माझी, पैसे कापून घ्या. त्या म्हणाल्या, "बाद फॉर्मला पैसे नाहीत, हा नियम कोणाचा होता?"

"तुमचा."

"मग गप्प बसा जरा."

मग म्हणाल्या, वडोद्याला पत्र लिहून आकडा मागे घ्यावा लागेल. त्यांच्या पीएच.डी.च्या सरांना तिथूनच फोन लावला. सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता: नोकरी कायम होईपर्यंत थांब, अकरा फॉर्मने काय बिघडते. ताई म्हणाल्या, "चार मुली आहेत, सर. एक दवाखान्यात आहे." आणि फोन ठेवला.

शनिवार, ७ मार्च

ताई आणि मी दवाखान्यात साडेनऊला पोचलो. पलंग रिकामा. पहाटेच सही करून नेले. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, मामाच्या गावाला, दोंडाईच्याच्या बाजूला. आठ दिवसांत लग्न उरकणार आहेत. लोक बोलायच्या आत.

मी कालऐवजी परवा गेलो असतो तर ती पलंगावर असती. मी बुधवारीही जाऊ शकत होतो.

सोमवार, ९ मार्च

काल भुसावळ पॅसेंजरने उधना स्टेशनवरून निघालो, दोंडाईच्याला उतरलो, पुढे जीपने. ताई वाटेत एकदाच बोलल्या. "तिथे तुम्ही तुमचं सांगा. माझ्या वतीने काही सांगू नका."

धनश्रीच्या मामाचे घर गावाच्या टोकाला. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. उषाबाईंनी आम्हाला पाहिले आणि दारात आडव्या झाल्या. "तुले काय आमनं घर बुडावनं शे?" चिंधाभाऊ आणि सोयरिकी जमवणारे गणपतमामा खाटेवर बसले होते. मुलाकडची दोन माणसेही होती, हे मला नंतर कळले. मी मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकले. पाठ करून आलो होतो ते सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, "तिने होय सांगितलं होतं. मी खोडलं. ती चुकून प्यायलेली नाही."

चिंधाभाऊंनी कानाखाली दिली. चष्मा नसल्याने काही फुटले नाही. मुलाकडची माणसे चहा अर्धा ठेवून उठली. गणपतमामा म्हणाले, "झालं. जमलेली सोयरीक मोडली पोराने."

त्या गोंधळात ताई आत गेल्या. उषाबाई मागे धावल्या, तर ताईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, मला फक्त एक तास द्या. तिला एकटीला." काय वाटले कोण जाणे, उषाबाई बाजूला झाल्या. मागच्या गोठ्यात दोघी एक तास आणि दहा मिनिटे होत्या. मग ताईंनी उषाबाईंना आत बोलावले. पाच-सहा मिनिटांनी उषाबाई बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या. डोक्यावरचा पदर खाली आला होता तो त्यांनी वर घेतला नाही. चिंधाभाऊ विचारत होते, "काय म्हनस ती?" 

मी ताईंना विचारले, धनश्री काय म्हणाली? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही लिहायचं नाही."

निघताना धनश्री गोठ्याच्या दाराशी उभी होती. गळा सुजलेला, आवाज बसलेला. मी म्हणालो, माझं चुकलं. ती सुरतेत वाढलेली, चिडली की हिंदीत बोलते. पण आता चिडलेली नव्हती.

"मैंने तो बोला था ना, भाऊ."

मी जीपकडे गेलो. 

ताईंनी धुळ्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, दर पंधरा दिवसांनी दाखवायचे. चिंधाभाऊंनी ती घेतली नाही. जीप सुरू झाल्यावर उषाबाई मागून आल्या आणि हात पुढे केला. चिठ्ठी घेऊन चोळीत घातली आणि वळल्या.

शनिवार, १४ मार्च

धुळवड काल झाली. रंग खेळलो नाही.

उषाबाई एकट्याच परत आल्या. मुलगी मामाकडे. सकाळी छगनभाई माल घ्यायला आला तर सगळा गठ्ठा, झालेल्या साड्या न झालेल्या साड्या, दाराबाहेर गटाराच्या कडेला पडलेला. तो विचारत होता, "क्या हुआ मौसी?" उषाबाई विळा हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.  तो साड्या गोळा न करताच गेला. संध्याकाळी चिंधाभाऊंनी त्यांना मारले. एवढे चांगले घरबसल्या काम का सोडले, हे गल्लीत कोणालाच कळत नाही. मला थोडे कळते असे वाटते. ताईंना विचारण्याचे धाडस नाही.

ताईंना कॉलेजने अजून एक वर्ष हंगामी ठेवले.

सोमवार, १६ मार्च

एकोणिसाव्या प्रश्नाचे उत्तर बदललेली आणखी तीन घरे आहेत. आज ताईंसोबत पहिल्या घरी गेलो. आई म्हणाली, मुलगी झोपली आहे. मी म्हणालो, थांबतो. ताई म्हणाल्या, आम्ही दोघेही थांबतो. पावणेदोन तास बाहेर बसलो. मग आईने दार उघडले, ताईंना आत घेतले, आणि मला म्हणाली, "तू नको." बरोबर आहे.

उरलेल्या दोन घरी उद्या आणि परवा.

खर्च: रेल्वे, एक माणूस, जाऊन-येऊन ६२ रुपये. जीप, जाऊन-येऊन २४. पीसीओ ११. रिक्षा (दवाखाना, ३ मार्च) २०. गावी चहा ४. एकूण १२१.

देणे: भगवानचे ६०. अकरा बाद फॉर्मचे ७७, पैकी दहांचे ७० ताईंनी पुढच्या हिशेबात वळते केले. क्रमांक ४७ चे ७ रुपये वेगळे काढून पाकिटात ठेवले आहेत. ताई घेत नाहीत. म्हणतात, ते माझे नाहीत. कोणाला द्यायचे ते ठरलेले नाही.